अमेरिकेच्या माजी राष्ट्राध्यक्षांचे कागद मागवायचेत? ऑर्डर देण्याआधी हे वाचा

अमेरिकी सरकारी कागद शोधून मागवून देणं हे आमचं काम. आमच्याकडे पीएचडीवाले येतात, पत्रकार येतात, रिटायर्ड इंजिनियर येतात आणि सगळ्यांचा प्रश्न थोड्याफार फरकाने तोच, व्हाइट हाऊसमधली जुनी फाइल इथे बसून मिळते का. मिळते. पण कधी मिळणार, कुठून आणि त्यातला किती मजकूर झाकलेला असणार हे त्या वेळी राष्ट्राध्यक्ष कोण होता त्यावर ठरतं, म्हणून हे पत्रक काढलंय, नंतर वाद नको.

पूर्वी हे कागद राष्ट्राध्यक्षाची खासगी मालमत्ता समजले जायचे, टर्म संपली की खोकी भरायची आणि न्यायची. केनेडी, जॉन्सन यांचे कागद सरकारकडे आले ते दान म्हणून, त्यामुळे तिथे दानपत्रातल्या अटी चालतात. वॉटरगेटनंतर (ज्या प्रकरणात निक्सनला राजीनामा द्यावा लागला) निक्सनच्या टेप्स, म्हणजे त्याने व्हाइट हाऊसमध्ये केलेली संभाषणांची रेकॉर्डिंग्ज, त्याच्याच हातात राहतील की काय अशी धास्ती पडली, म्हणून १९७४ ला तेवढ्यासाठी वेगळा कायदा करून त्या ताब्यात घेतल्या, आणि १९७८ ला सरळ नियमच केला की इथून पुढे हे कागद जनतेचे. तो लागू झाला २० जानेवारी १९८१ पासून, म्हणजे रेगनपासून पुढचे सगळे त्यात आले.

आता मुद्द्याचं. पद सोडल्यावर पहिली पाच वर्षं बाहेरच्या कोणाचाच अर्ज चालत नाही. त्यानंतर माहिती स्वातंत्र्य कायद्याखाली कोणीही अर्ज करू शकतो, आणि कोणीही म्हणजे खरंच कोणीही, आपल्या आरटीआयला भारतीय नागरिक असावं लागतं, तिथे तशी अट नाही, चिपळूणला बसून ईमेल केला तरी चालतो. क्लिंटनचे कागद २००६ ला असे खुले झाले, धाकट्या बुशचे २०१४ ला, ओबामाचे २०२२ ला, ट्रम्पच्या पहिल्या टर्मची तारीख २० जानेवारी २०२६ आणि बायडनची २०३०. मात्र सल्लागारांनी राष्ट्राध्यक्षाला खासगीत दिलेला सल्ला, नेमणुकांच्या फाइली असे काही प्रकार बारा वर्षांपर्यंत बंद ठेवता येतात. त्यानंतर सल्ल्याचं कारण पुढे करता येत नाही, पण देशाची सुरक्षा आणि लोकांची खासगी माहिती ही कारणं तेव्हाही राहतातच.

सगळ्यात जास्त विचारणा दाभोळची होते म्हणून तेच उदाहरण घेतो. गुहागर तालुक्यातला एन्रॉन या अमेरिकी कंपनीचा वीज प्रकल्प, ऑगस्ट १९९५ ला युती सरकारने करार रद्द केला, जानेवारी १९९६ मध्ये नव्याने ठरला, आणि २००१ ला राज्याच्या वीज मंडळाने वीज घेणं बंद केलं, हे सगळ्यांना पाठ आहे. वॉशिंग्टनमधून कोणी किती दबाव टाकला ते शोधायचं तर पहिल्या भांडणासाठी आर्कान्सामधल्या लिटल रॉकची क्लिंटन लायब्ररी (म्हणजे त्याच्या काळातले कागद सांभाळणारं सरकारी दफ्तर) आणि २००१ साठी डलासची बुश लायब्ररी. आता क्लिंटनकडे साधारण ७.८ कोटी पानं आहेत आणि बुशच्या काळातल्या नुसत्या ईमेलच २० कोटींच्या पुढे, त्यामुळे "एन्रॉनबद्दल जे असेल ते सगळं द्या" असं लिहिलंत की तुमचा अर्ज लांबच्या रांगेत गेलाच म्हणून समजा, आणि ती रांग महिन्यांची नाही, वर्षांची असते. त्यापेक्षा "ऑगस्ट १९९५ ते जानेवारी १९९६, राष्ट्रीय सुरक्षा परिषदेत भारताचं काम बघणाऱ्यांचा दाभोळवरचा पत्रव्यवहार" असं नेमकं मागा.

आणि एक गोष्ट बहुतेक लोक विसरतात, दिल्लीतली अमेरिकी वकिलात, तिथलं ऊर्जा खातं, प्रकल्पाला कर्ज देणारी अमेरिकेची सरकारी एक्झिम बँक आणि ओपिक (परदेशातल्या गुंतवणुकीला पैसा देणारी अमेरिकी सरकारी संस्था, ती आता डीएफसी या तशाच संस्थेत विलीन झालीय) यांच्या फाइली राष्ट्राध्यक्षाच्या धरत नाहीत. तिथे पाच वर्षांची अट मुळात नाहीच, थेट त्या खात्याकडे अर्ज करायचा. आमच्या मते दाभोळवाल्यांनी तिथूनच सुरुवात करावी.

फोल्डर हातात आला की वरच एक तक्ता दिसेल, त्याला विथड्रॉअल शीट म्हणतात. काढून ठेवलेल्या एकेका कागदाची त्यात ओळ असते, मेमो की पत्र, कोणाकडून कोणाला, तारीख, किती पानं, आणि शेवटच्या रकान्यात कारणाचा कोड. पी-१ म्हणजे सुरक्षेचं गोपनीय, पी-५ म्हणजे सल्ला, पी-६ म्हणजे खासगी माहिती. गिऱ्हाईक हा कागद बघून वैतागतं, "हे काय रिकामंच पाठवलंत", पण आम्हाला विचाराल तर फोल्डरमधला सगळ्यात कामाचा कागद हाच. कुठल्या तारखेला कोणी कोणाला लिहिलं एवढं कळलं की अर्धं काम झालं, शिवाय पी-५ लिहिलेलं असेल आणि बारा वर्षं उलटली असतील तर तोच कागद परत मागता येतो. क्लिंटनची बारा वर्षं २०१३ ला संपली, आणि अशी झाकून ठेवलेली हजारो पानं २०१४ मध्ये बाहेर आली.

कागद तयार झाले तरी लगेच मिळत नाहीत. आधी माजी आणि सध्याच्या, दोन्ही राष्ट्राध्यक्षांच्या माणसांना कळवावं लागतं, त्यांना कामाचे ६० दिवस, वर एकदा ३० दिवस वाढवून मिळतात. यात आमचं काहीही चालत नाही, "ओळख काढा ना कोणाची" असं कृपया सांगू नका.

१९७१ च्या युद्धावर काम करणाऱ्यांनी तर अर्जाच्या भानगडीतच पडू नये. निक्सनच्या साधारण ३,७०० तासांच्या टेप्सपैकी ३,००० तासांच्या आसपास खुल्या आहेत, आणि अमेरिकी परराष्ट्र खात्याने त्या वर्षाच्या दक्षिण आशियाच्या कागदांचा जाडजूड खंड २००५ ला काढलाय, तो नेटवर फुकट आहे. तो वाचूनही काही राहिलं तर आमच्याकडे या.

अर्ज करायला वकील लागत नाही, आम्हीही लागत नाही, इंग्रजी बरं असेल तर घरूनच करा. आम्ही पैसे घेतो ते लायब्ररीच्या याद्या चाळून नेमका फोल्डर शोधण्याचे, अर्जाचा मसुदा करून पाठपुरावा ठेवण्याचे आणि आलेल्या पानांचं मराठी करण्याचे. कॉपीचा खर्च लायब्ररी सांगेल तो वेगळा, त्यात आमचं कमिशन नाही. कागद नाहीच मिळाला तर शोधाचे पैसे परत होत नाहीत, मसुद्याचे होतात.

चौकशीला व्हॉट्सॲप करताना विषय, साधारण तारखा, माहीत असलेली नावं आणि आधी काय काय वाचलंय ते लिहा, नुसतं "हाय, रेट काय" नको.