चौक नसलेले चौक

मुंबईत नव्या चौकाची पाटी लागली की दोन गोष्टी हमखास घडतात. ज्यांच्या घरचे नाव लागले ते झेंडूचे हार आणि पेढ्यांचा बॉक्स घेऊन येतात, आणि रस्त्याने जाणारा कुणीतरी विचारतो, "पण इथे चौक कुठाय?" प्रश्न रास्त आहे. बहुतेक ठिकाणी चौक नसतोच. एखादी गल्ली मोठ्या रस्त्याला येऊन मिळते, तिथे पानाची टपरी असते, विजेचा खांब असतो, आणि खांबाला टेकून काळ्या ग्रॅनाइटवर सोनेरी अक्षरांत कुणाचे तरी नाव.

खोताची वाडी, झावबावाडी, ठाकूरद्वार ही आपसूक पडलेली नावे, मग इंग्रजांच्या काळात त्यांच्या शेजारी येऊन बसलेली गव्हर्नरांची नावे, हा भाग सगळ्यांना ठाऊक आहे. पुढे हॉर्नबी रोडचा दादाभाई नौरोजी रोड झाला, क्वीन्स रोडचा महर्षी कर्वे मार्ग, आर्थर रोडचा साने गुरुजी मार्ग, डिलाईल रोडचा ना. म. जोशी मार्ग. या साऱ्यांत मला धीट वाटतो तो फॉकलंड रोडचा बदल. १८४८ ते १८५३ या काळात मुंबईचा गव्हर्नर असलेल्या लॉर्डाच्या जागी तिथे पठ्ठे बापूराव आले. रेठरे हरणाक्षच्या कुलकर्ण्यांचा हा मुलगा जातीची पर्वा न करता तमाशात गेला, आणि पिला हाऊसच्या आसपास तमाशाची थिएटरे असलेल्या वस्तीत लोकांच्या तोंडी बसला. देशभर पुतळे असलेल्या पुढाऱ्याचे नाव कुठल्याही रस्त्याला चालते. इथे त्या वस्तीची करमणूक ज्याने केली, त्याचेच नाव लागले. बाबू गेनूचेही तसेच. १२ डिसेंबर १९३० रोजी विदेशी कापडाच्या ट्रकपुढे हा गिरणी कामगार जिथे आडवा झाला, त्या काळबादेवीतच त्याच्या नावाचा रस्ता आहे.

मात्र नाव लागणे वेगळे आणि राहणे वेगळे. २६/११ च्या बातम्यांत 'डी. बी. मार्ग पोलीस ठाणे' देशभर ऐकू आले. डी. बी. म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर, हे लॅमिंग्टन रोडवर मोबाईलचे सुटे भाग घ्यायला जाणाऱ्या किती जणांना सांगता येईल? स्वामी विवेकानंदांचे एस. व्ही. झाले, जगन्नाथ शंकरशेटांचे जे. एस. एस. झाले. इंग्रजी नाव घालवून आपला माणूस आणला आणि त्याचीही इंग्रजी आद्याक्षरेच उरली. शंकरशेटांच्या बाबतीत एक गंमत आहे. त्यांचा लांबलचक रस्ता आद्याक्षरांत विरघळला, पण ग्रँट रोडजवळचा नाना चौक मात्र बस कंडक्टरपासून टॅक्सीवाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी आहे. दोन अक्षरांचे 'नाना' कुणाला आणखी छोटे करता आले नाही.

आता मूळ घोळाकडे, म्हणजे 'चौक' या शब्दाकडे येऊ. पुण्यात चौक म्हणजे खरोखर चौक. पेशवाईतल्या सरदाराच्या नावाचा अप्पा बळवंत चौक आजही पुस्तके घ्यायला जाण्याचे ठिकाण आहे. मुंबईचा जुना शब्द मात्र नाका. परळ नाका, लालबाग नाका, करी रोड नाका. नाक्यावर माणूस उभा राहतो, चहा पितो, काम शोधतो, भांडतो. पण गेलेल्या माणसाच्या नावापुढे नाका लावून पाहा! कानाला ते बरे वाटत नाही. मान द्यायचा तर चौकच हवा. हुतात्मा चौकाने या शब्दाला वजन दिले. २१ नोव्हेंबर १९५५ च्या गोळीबारानंतर आणि पुढे संयुक्त महाराष्ट्र मिळाल्यावर फ्लोरा फाउंटनच्या परिसराला जे नाव मिळाले, त्याने चौक म्हणजे केवळ चार रस्त्यांची जागा नव्हे, स्मारक आहे, हे मनात पक्के बसले.

त्याच वेळी नाव द्यायला रस्ते संपत आले. थोर माणसाचे नाव एकदा दिलेल्या रस्त्यावरून ते काढायचे कसे? उपनगरांत नवे रस्ते होते, पण गिरणगावात, गिरगावात, दादरला कुठून आणणार? शाहीर, कामगार पुढारी, दवाखाना चालवणारे डॉक्टर, शाळामास्तर, व्यायामशाळेचे गुरुजी यांची रांग मात्र वाढतच होती. मग नगरसेवकाचे पत्र, प्रभाग समिती, स्थापत्य समिती, सभागृहाचा ठराव या वाटेने कोपऱ्यांचे चौक होत गेले. जुने नाव पुसावे लागत नाही, दुकानदारांना पाट्या रंगवाव्या लागत नाहीत, लाईट बिल बदलत नाही. विरोध करायला कुणाला कारण उरत नाही, हीच त्याची खरी सोय.

टीका होते ती याच सोयीवर. पत्त्यात न येणारे नाव कसला मान, असे म्हणतात. मला हा आक्षेप अर्धाच पटतो. न्यूयॉर्कमध्ये हेच उघडपणे करतात. मूळ रस्त्याचे नाव नकाशावर तसेच ठेवून खांबावर दुसरी, मानाची पाटी लावतात. क्वीन्समधल्या वुडसाइडला डॉ. आंबेडकरांच्या नावाची अशी पाटी आहे. तिथे त्या प्रकाराला स्वतंत्र शब्द आहे, आपण मात्र चौक म्हणतो आणि मग चौक शोधत बसतो. खटकायचेच तर पाटीवरचे दुसरे नाव खटकावे. गेलेल्या माणसाच्या खाली 'यांच्या प्रयत्नाने' म्हणून जे येते ते पुष्कळदा वरच्याइतकेच ठळक असते, कधी सोबत फोटोही असतो. तोही हयात माणसाचा.

अलीकडे गोष्टी वेगळ्या दिशेने सरकल्या. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलायचे ठरवले. निर्णय हवाच होता, फक्त सुचवलेली नावे समता नगर, क्रांती नगर अशी, कुठेही बसतील अशी होती. त्या वस्तीतलाच एखादा माणूस त्यात आला असता तर बरे झाले असते. मार्च २०२२ मध्ये मुंबईतल्या २२७ नगरसेवकांची मुदत संपली, कारभार प्रशासकाकडे गेला, आणि आपल्या गल्लीतल्या मास्तरांसाठी पत्र घेऊन जायचे कुणाकडे, असा प्रश्न लोकांना पडला.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी अशाच एका मास्तरांची पाटी आहे. पुण्यतिथीला त्यांचा मुलगा येतो, ओल्या फडक्याने ग्रॅनाइट पुसतो, वडापाववाला तेवढ्यापुरती गाडी हातभर मागे घेतो. तेलाचे डाग सहज निघत नाहीत, म्हणून मुलगा येताना लिंबू आणतो. पार्सलवाला फोनवर खूण विचारतो तेव्हा आम्ही सगळेच सांगतो, "पाटीपाशी ये." कुठल्या पाटीपाशी, हे आजवर एकानेही विचारले नाही.