जुन्या घड्याळात नवे भाग घालावेत का? आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

म्हापशाच्या आमच्या दुकानात जुने घड्याळ घेऊन येणारे गिऱ्हाईक बहुधा दोन प्रश्न विचारते. पहिला, "हे चालेल का?" त्याचे उत्तर झाकण उघडून दहा मिनिटांत देता येते. दुसरा प्रश्न जरा थांबून येतो. "डायल काळवंडलीय, नवी घालूया का? काटेही बदला. काच सफायरची लावा. नाहीतर आतलं मशीनच नवं टाका ना!" याचे उत्तर मोठे आहे आणि शुक्रवारच्या बाजाराच्या गर्दीत ते नेहमी अर्धवटच सांगून होते. म्हणून हे पत्रक.

आमचे मत आधीच सांगून टाकतो. जे काम उद्या उलटवून घड्याळ पूर्वीसारखे करता येते, ते खुशाल करा. जे उलटवता येत नाही, त्याला हात लावण्याआधी आठ दिवस थांबा आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. आणि काढलेला प्रत्येक भाग, मोडका असला तरी, कारागिराकडून मागून घ्या.

गोव्याच्या कपाटांतली घड्याळे

आपल्याकडच्या घरांत जुनी घड्याळे तीन वाटांनी आली. पोर्तुगीज राजवटीच्या शेवटच्या वर्षांत इथे परदेशी माल सहज मिळत असे, त्या वेळची ओमेगा, टिसो, सायमा, रोमर अजून पुष्कळांकडे आहेत. पुढे बोटीवर नोकरी करणाऱ्यांनी आणि 1970 नंतर कुवेत, बहारीन, दुबईला गेलेल्यांनी सीको, सिटिझन, राडो आणली. तिसरी वाट एचएमटी या सरकारी कंपनीची. ज्या 1961 साली गोवा मुक्त झाला, त्याच वर्षी बंगळूरला जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने एचएमटीचा घड्याळ कारखाना उभा राहिला. मग नोकरी लागली की एचएमटी, लग्नात जावयाला एचएमटी, असा काळ आला. जनता, पायलट, कांचन, सोना ही नावे आमच्या बाकावर अजून रोज येतात. देवनागरी आकड्यांची 'जनता' कुणाकडे असेल तर ती फार जपा.

2016 साली केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करण्याचा निर्णय घेतला. आता एचएमटीचा खरा भाग हवा असेल तर तो बहुतेक वेळा दुसऱ्या मेलेल्या घड्याळातूनच काढावा लागतो. बाजारात कोरी करकरीत, निळी, नारिंगी, हिरवी 'पायलट' डायल मिळते, ती जुन्या पत्र्यावर नवा रंग मारून केलेली असते. परदेशातले संग्राहक अशा घड्याळांना 'बॉम्बे स्पेशल' म्हणतात, आणि ते कौतुकाने म्हणत नाहीत.

डायल: इथे सगळ्यात जास्त चुकते

घड्याळाचा चेहरा म्हणजे डायल. संग्राहकाच्या लेखी जुन्या घड्याळाच्या किमतीचा मोठा वाटा तिच्यातच असतो. तरीही लोक सगळ्यात आधी तीच बदलायला सांगतात, कारण डाग तिच्यावरच दिसतो.

सुमारे वीस वर्षांपूर्वी डिचोलीहून एक आजी त्यांच्या यजमानांचे स्विस घड्याळ घेऊन आल्या. डायलवर चारच्या आकड्यापाशी तपकिरी डाग होता, एका पावसाळ्यात पाणी शिरल्याचा. नातवाच्या मुंजीत घड्याळ द्यायचे होते, म्हणून आम्हीच सुचवले, डायल रंगवून घेऊ. मुंबईला पाठवली. आली ती पांढरीशुभ्र, अक्षरे ठळक. आजींनी घड्याळ हातात घेतले, उलटसुलट केले आणि विचारले, "तो डाग कुठे गेला? त्या डागावरनंच तर मी हे ओळखायची." आमच्याकडे उत्तर नव्हते. डायल रंगवायची म्हणजे आधी जुना रंग खरवडून पत्रा उघडा करतात. तो डाग, ती जुनी बारीक अक्षरे, काहीच परत आणता येत नाही. त्या दिवसापासून आम्ही मूळ डायल रंगवायला पाठवत नाही. कितीही आग्रह केलात तरी नाही, आणि यात राग मानू नये.

डायल बदलणे मात्र वेगळे. मूळ डायल सुखरूप काढून पुडीत ठेवली आणि तिच्या जागी दुसरी बसवली, तर पुढच्या पिढीला ती परत बसवता येते. त्यातही एक धोका असतो. डायलच्या मागे दोन बारीक पाय असतात, तेच तिला मशीनवर धरून ठेवतात. घाईने उपसली तर पाय तुटतो, आणि मग मागे चिकटपट्टी लावून भागवले जाते. ती पट्टी वर्षा दोन वर्षांनी सुटते, डायल गोल फिरते आणि काट्यांना घासून घड्याळ बंद पडते. असली घड्याळे आमच्याकडे वरचेवर येतात.

तुमची डायल मूळची की रंगवलेली, हे घरीच बऱ्यापैकी ओळखता येते. भिंग घ्या, दिवसाच्या उजेडात बघा. मूळ छपाईची अक्षरे बारीक आणि धारदार असतात, रंगवलेल्यात ती जाड, पसरलेली दिसतात. मिनिटांच्या रेघा आणि तासांच्या जागी चिकटवलेले उठावदार खुंट एकमेकांसमोर येत नसतील तर संशय घ्या. तारखेच्या खिडकीच्या कडेवर रंगाचा ओघळ दिसला, तर संशय घ्यायचेही कारण उरत नाही.

सीकोला तर स्वतःची जन्मपत्रिकाच असते. मागच्या झाकणावर चार आकडी मशीन क्रमांक असतो, उदाहरणार्थ 7009. डायलच्या अगदी खालच्या कडेला, सहाच्या आसपास, मुंगीएवढ्या अक्षरांत साधारणपणे तोच चार आकडी क्रमांक छापलेला असतो. तो जुळला तर चांगले लक्षण. तिथे काहीच नसेल तर डायल बहुधा रंगवलेली. झाकणावरच्या अनुक्रमांकाचा पहिला आकडा म्हणजे वर्षाचा शेवटचा आकडा आणि दुसरा आकडा म्हणजे महिना. 84 ने सुरू होत असेल तर एप्रिल 1978 किंवा एप्रिल 1988. दशक कोणते ते मॉडेलवरून ठरवतात, पण वडील पहिल्यांदा गल्फला कधी गेले ते आठवले की आमच्या काउंटरवर ते आधीच ठरलेले असते.

मशीन बदलून घ्यावे का?

बऱ्याच सीको 5 घड्याळांत आणि पाण्यात बुडी मारणाऱ्यांसाठी केलेल्या सीकोच्या एसकेएक्स 007 मध्ये 7एस26 नावाचे मशीन असते. दणकट आहे, पण त्याला हाताने चावी देता येत नाही, आणि वेळ लावताना सेकंद काटा थांबत नाही. एनएच 35 या सीकोच्याच मशीनमध्ये दोन्ही सोयी आहेत. दोन्हींची घडण एका घराण्यातली, त्यामुळे ते त्याच केसमध्ये (घड्याळाच्या बाहेरच्या धातूच्या कवचात) जवळपास तसेच बसते. म्हणून तरुण मंडळी हा बदल हमखास मागतात.

काम सोपे दिसते, पण त्यात खाचा आहेत. एसकेएक्सची चावी तीनला नसून चारच्या जवळ असते. म्हणजे आत मशीन थोडे फिरवून बसवलेले असते आणि तारखेच्या चकतीवरचे आकडे त्या कोनाला अनुसरून छापलेले असतात. तीनला चावी असलेल्या मशीनची चकती तशीच ठेवली तर खिडकीत तारीख वाकडी दिसते. शिवाय एनएच 35 ला फक्त तारीख आहे, वार नाही. वार हवा असेल तर एनएच 36 लागते. चावीची दांडीही नव्याने कापून बसवावी लागते. हे सगळे आम्ही करून देतो, एका अटीवर: जुने मशीन डबीत बंद करून तुमच्या हाती देऊ आणि तुम्ही ते घरी ठेवाल.

एचएमटी, फावर लूबा किंवा 1950-60 च्या स्विस घड्याळांत मशीन बदलण्याचा सल्ला आम्ही देत नाही. तिथे मशीन हेच घड्याळ. ते तेलपाणी करून, मेनस्प्रिंग (चावी दिल्यावर ताणली जाणारी मुख्य स्प्रिंग) बदलून बहुतेक वेळा पुन्हा उभे राहते. बॅलन्सची, म्हणजे आतल्या डोलत्या चाकाची, दांडी तुटली असली तरी जुळणारा बॅलन्स शोधण्याचा प्रयत्न आधी करू, त्याला महिना लागला तरी चालेल. चवथीआधी हवेच, असे म्हणालात तर मात्र ते काम आम्ही घेणार नाही.

केस घासून चकचकीत करणे

बफच्या चाकावर केस धरली की दोन मिनिटांत आरशासारखी होते. पण धातू जातो. घड्याळाच्या कानांच्या, म्हणजे पट्टा अडकतो त्या टोकांच्या, कडा, जिथे एक बाजू चमकदार आणि दुसरी ब्रश केलेली असते, त्या गोल होतात. असे दोन-तीनदा झाले की केस साबणाच्या झिजलेल्या वडीसारखी दिसते. ओरखडे नकोच असतील तर आम्ही हाताने, कापडाने, फक्त मळ आणि वरवरचे ओरखडे काढतो. सोन्याचा मुलामा उडालेल्या केसला नवा मुलामा द्यायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. आमचा कल न देण्याकडे.

जे बिनधास्त बदलावे

गोव्याच्या दमट, खारट हवेत काही भाग बदलण्यातच शहाणपण आहे. रबरी वॉशर, मेनस्प्रिंग, गंजलेली चावीची दांडी, तडकलेली प्लास्टिक काच, घामाने कुजलेला चामडी पट्टा हे मुळात झिजण्यासाठीच केलेले भाग आहेत. ते बदलल्याने कुणाही जाणकाराच्या कपाळाला आठी पडत नाही. चावीवर कंपनीचे चिन्ह असेल तर जुनी चावी मात्र सांभाळून ठेवा.

प्लास्टिक काचेवर नुसते ओरखडे असतील तर ती बदलूही नका, पॉलिश करून स्वच्छ होते. जुन्या घुमटाकार काचेच्या जागी सपाट सफायर (अतिशय कठीण काच) बसवली तर सहसा ओरखडे पडत नाहीत हे खरे, पण घड्याळाचा रूपबंध बदलतो. हे काम उलटवता येते, म्हणून आम्ही विरोध करत नाही.

पाण्याबद्दल एकच: घड्याळावर 200 मीटर लिहिलेले असले तरी झाकण एकदा उघडले की वॉशर बदलून दाबाची चाचणी केल्याशिवाय ते पाण्यात नेऊ नका. आणि तीस-चाळीस वर्षांचे घड्याळ जून ते सप्टेंबर स्कूटरवर घालूच नका.

अंधारात चमकणाऱ्या काट्यांबद्दल इशारा

साधारण 1960 च्या आधीच्या काही घड्याळांत काट्यांवरचा आणि आकड्यांवरचा चमकणारा लेप रेडियमचा असतो. लेपाची चमक केव्हाच गेलेली असते, रेडियमचा किरणोत्सार मात्र शिल्लक असतो. त्याचे अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सार निम्मा व्हायला लागणारा काळ, सुमारे 1600 वर्षे आहे. घड्याळाचे झाकण आणि काच बंद असेपर्यंत विशेष भीती नाही, पण लेपाची भुकटी श्वासातून किंवा बोटांवाटे पोटात जाणे वाईट. असे घड्याळ घरी उघडू नका, पिनेने खरवडू नका. त्यावर नवा लेप चढवण्याचे कामही आम्ही घेत नाही. डायलच्या तळाशी 'टी' हे अक्षर असेल तर लेप ट्रिटियम या दुसऱ्या किरणोत्सारी द्रव्याचा. त्याचे अर्धायुष्य बारा वर्षांच्या आसपास, त्यामुळे तो आता जवळपास विझलेला असतो.

मग हौस करायचीच नाही का?

करा ना. आमच्यापैकी दोघांच्या मनगटावर अशीच जुळवलेली घड्याळे आहेत. त्यासाठी नवे किंवा चालू बनावटीचे सीको 5 घ्या, किंवा नुसती केस, डायल, काटे, मशीन वेगवेगळे घेऊन या. नाहीतर ज्याची डायल आधीच रंगवलेली आहे असे जुने घड्याळ घ्या. त्यात हवे ते रंग, हवे ते काटे घाला. आम्हाला या कामात मनापासून आनंद होतो. पेडण्याचे एक गिऱ्हाईक वडिलांच्या बहारीनहून आलेल्या सीकोवर हे सगळे प्रयोग करायला निघाले होते. त्यांना आम्ही तसलेच एक मोडके घड्याळ मिळवून दिले. आता ते रोज स्वतः जुळवलेले घालतात आणि वडिलांचे लग्नाकार्याला.

ज्या डायलवर एका कंपनीचे नाव छापले आहे आणि आत मशीन भलतेच, असे नकली जोडकाम आम्ही करत नाही. बदललेले घड्याळ विकायला काढलेत तर काय काय बदलले ते घेणाऱ्याला लिहून द्या. आमच्या पावतीवर ते लिहिलेले असतेच.

आज नकोशी वाटणारी गोष्ट उद्या काय ठरेल सांगता येत नाही. रोलेक्स डेटोनाची एक वेगळ्या धाटणीची डायल 1960 च्या दशकात फारशी कुणाला आवडत नसे. त्याच डायलचे, अभिनेते पॉल न्यूमन यांच्या हातातले घड्याळ ऑक्टोबर 2017 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे 1 कोटी 77 लाख डॉलरला गेले. तुमच्या आजोबांच्या सायमाला तसा भाव येणार नाही, पण काढलेली डायल कचऱ्यात टाकू नये एवढे यावरून समजावे.

घड्याळ आणताना

बरीच वर्षे पडून असलेल्या घड्याळाला चावी देऊन 'चालतंय का' हे बघू नका. वाळलेल्या तेलावर चाके फिरली की त्यांच्या टोकांच्या खुंट्या झिजतात. आहे तसे, मऊ कापडात गुंडाळून आणा. जुनी पावती, डबी, सुटे पडलेले काटे, तुटकी चावी, जे सापडेल ते बरोबर आणा. काम झाल्यावर काढलेले सगळे भाग चिठ्ठीसह पुडीत मिळतील. ती पुडी मागायला विसरलात तर आम्ही आठवण करू. शुक्रवार सोडून कुठल्याही सकाळी आलात तर घड्याळ तुमच्यासमोर उघडू आणि भिंगातून तुम्हालाही दाखवू.