आफ्रिकी संघ

आफ्रिका खंडातील ५५ सदस्य राज्यांची संघटना. मुख्यालय इथिओपियाची राजधानी आदिस अबाबा येथे. संघाचा कारभार जुलै २००२ मध्ये डर्बनच्या शिखर परिषदेत रीतसर सुरू झाला. त्याआधी, २५ मे १९६३ रोजी ३२ देशांनी आदिस अबाबातच स्थापन केलेली आफ्रिकी ऐक्य संघटना जवळजवळ चार दशके अस्तित्वात होती. घानाचे क्वामे एन्क्रुमा यांना ताबडतोब खंडाचे एकच सरकार हवे होते. बहुतेक नेत्यांना नुकतेच हाती आलेले सार्वभौमत्व सोडायचे नव्हते, आणि त्यांचीच सरशी झाली.

जुन्या संघटनेने घातलेला एक दंडक आजही पाळला जातो. १९६४ च्या कैरो ठरावाने स्वातंत्र्याच्या वेळच्या सीमा कायम मानल्या. युरोपीय सत्तांनी आखलेल्या त्या रेषा अन्यायाच्या असल्या, तरी त्या हलवू गेल्यास वाद प्रत्येक देशात पेटेल, हे सर्वांना दिसत होते. एरिट्रिया (१९९३) आणि दक्षिण सुदान (२०११) हे ठळक अपवाद. दोन्हीकडे दीर्घ युद्ध आणि शेवटी सार्वमत. दुसरा दंडक अंतर्गत कारभारात ढवळाढवळ न करण्याचा. तो इतका कडक होता, की १९७५ मध्ये युगांडाचे क्रूर हुकूमशहा इदी अमीन संघटनेचे अध्यक्ष होऊ शकले. १९९४ मधील रुआंडाच्या वंशसंहारानंतर त्याचे समर्थन अवघड झाले. म्हणूनच २००० साली लोमे येथे मंजूर झालेल्या संघाच्या घटनेत दोन नव्या गोष्टी आल्या : वंशसंहार, युद्धगुन्हे व मानवतेविरुद्धचे गुन्हे घडत असल्यास सदस्य देशात हस्तक्षेप करण्याचा संघाचा अधिकार (कलम ४-ह) आणि घटनाबाह्य मार्गाने सत्तेवर आलेल्या सरकारचे निलंबन (कलम ३०). हस्तक्षेपाचा अधिकार बव्हंशी कागदावर राहिला. निलंबन मात्र वारंवार वापरले जाते.

निलंबनाचा निर्णय शांतता व सुरक्षा परिषद घेते. तिचे १५ सदस्य असतात : पाच तीन वर्षांसाठी, दहा दोन वर्षांसाठी. कायम सदस्य कोणी नाही आणि नकाराधिकारही नाही. लष्कराने सत्ता घेतली की परिषद बैठक बोलावते, कृतीचा निषेध करते आणि घटनात्मक राजवट परत येईपर्यंत त्या देशाला संघाच्या बैठका व मतदानातून दूर ठेवते. वर्गणी आणि इतर जबाबदाऱ्या सुटत नाहीत. माली, गिनी, सुदान, बुर्किना फासो, नायजर आणि गॅबन या सहांवर २०२१ ते २०२३ या काळात ही पाळी आली. फेब्रुवारी २०२५ मध्ये संघाच्या आयोगाचा, म्हणजे सचिवालयाचा, अध्यक्ष निवडताना हे सहाही देश मतदानाबाहेर होते. जिबूतीचे महमूद अली युसूफ यांनी केनियाचे रायला ओडिंगा यांना मागे टाकत सातव्या फेरीत ३३ मते मिळवली, तेव्हा कुठे दोन तृतीयांशांची अट पुरी झाली.

नियम सर्वांना सारखा लागत नाही, हे त्याचे खरे दुखणे. एप्रिल २०२१ मध्ये चाडचे अध्यक्ष इद्रिस देबी मारले गेल्यावर देशाच्या घटनेतील तरतूद बाजूला सारून लष्कराने त्यांच्या मुलाला, महामत यांना, गादीवर बसवले. चाड निलंबित झाला नाही. साहेल प्रदेशातील दहशतवादविरोधी लढाईत चाडचे सैनिक आवश्यक मानले जात होते, आणि आयोगाचे तत्कालीन अध्यक्ष मूसा फाकी हे स्वतः चाडचे माजी परराष्ट्रमंत्री. दुसरी पळवाट निवडणुकीची. २००७ च्या लोकशाहीविषयक सनदेनुसार सत्तापालट करणाऱ्याने त्यानंतरची निवडणूक लढवायची नसते. गॅबनमध्ये सत्ता घेणारे जनरल ब्रिस ओलिगी न्गेमा यांनी एप्रिल २०२५ मध्ये ती लढवून जिंकली आणि त्याच महिन्यात निलंबन उठले. पुढच्या बंडखोराने यातून काय धडा घ्यायचा, हे सांगायला नको.

पैशाची अडचण जुनीच. २०१६ मध्ये किगाली येथे ठरले, की प्रत्येक सदस्याने पात्र आयातीवर ०.२ टक्के कर लावून संघाचा खर्च भागवावा. बऱ्याच देशांनी तो लावलाच नाही. काहींना जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांशी खटका उडण्याची धास्ती होती. त्यामुळे शांतता मोहिमा देणगीदारांच्या मर्जीवर चालतात. सोमालियातील मोहिमेत (२००७ पासून) सैनिकामागे दरमहा १,०२८ डॉलर भत्ता युरोपीय संघ देत असे. २०१६ मध्ये त्याने २० टक्के कपात करताच सैनिक पाठवणारे देश माघारीची भाषा बोलू लागले. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या डिसेंबर २०२३ मधील ठराव २७१९ ने अशा मोहिमांचा ७५ टक्क्यांपर्यंतचा खर्च राष्ट्रसंघाच्या सदस्य-वर्गणीतून देण्याची वाट उघडली खरी, पण सोमालियासाठी ती वापरायला अमेरिकेने विरोध केला.

जागतिक व्यासपीठावर संघाचे वजन मात्र वाढले आहे. ९ सप्टेंबर २०२३ रोजी नवी दिल्लीच्या परिषदेत तो जी-२० चा कायम सदस्य झाला. तेव्हा संघाचे (आयोगाचे नव्हे) अध्यक्षपद कोमोरोसचे अझाली असुमानी यांच्याकडे होते. संयुक्त राष्ट्रांत ५४ मतांचा (संघाचा सदस्य असलेले सहरावी प्रजासत्ताक तिथे सदस्य नाही) गट सहज दुर्लक्षिता येत नाही, फक्त तो गट म्हणून मत देतोच असे नाही. रशियाच्या युक्रेनवरील आक्रमणाचा निषेध करणाऱ्या २ मार्च २०२२ च्या ठरावावर २८ आफ्रिकी देशांनी बाजूने मत दिले, १७ तटस्थ राहिले, ८ गैरहजर आणि एरिट्रिया विरोधात. ‘आफ्रिका तटस्थ राहिली’ हे तेव्हापासूनचे लोकप्रिय विधान म्हणून अर्धेच खरे.

संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत आफ्रिकेला आज तीन अस्थायी जागा आहेत. २००५ च्या एझुल्विनी मतैक्याने, म्हणजे संघाच्या सामाईक भूमिकेने, नकाराधिकारासह दोन कायम आणि एकूण पाच अस्थायी जागा मागितल्या. त्याच वर्षी भारत, जपान, जर्मनी व ब्राझील यांच्या प्रस्तावाशी हातमिळवणी करण्याची संधी नकाराधिकाराच्या अटीवर अडली : हे चौघे तो १५ वर्षे न वापरण्यास तयार होते, आफ्रिकी संघ नव्हता. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेने दोन कायम जागांना पाठिंबा दिला, तोही नकाराधिकार वगळून. त्या दोन जागांवर कोण बसणार हे ठरवण्याचा हक्क संघाने स्वतःकडे ठेवला आहे. नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि इजिप्त यांच्यापैकी कोणाला बाहेर ठेवायचे, याचा निर्णय त्याने अजून घेतलेला नाही.