चेरी कोळंबीच्या पिल्लांचा रंग कुठून येतो?

लाल आणि निळी चेरी कोळंबी एकाच टाकीत वाढवली, तर दोन-तीन पिढ्यांत तपकिरी, धुरकट, जवळजवळ पारदर्शक पिल्ले दिसू लागतात आणि वाण बिघडले अशी पाळणाऱ्याची समजूत होते. वस्तुतः ही पिल्ले आपल्या रानटी पूर्वजांच्या रंगावर गेलेली असतात. चेरी कोळंबी, म्हणजेच नियोकॅरिडिना डेव्हिडी, ही मूळची चीन, तैवान या भागांतील गोड्या पाण्यातली कोळंबी; तिथे तळाच्या मातीत मिसळून जाणारा रंगच तिला भक्षकांपासून वाचवतो. लाल, पिवळे, निळे वाण माणसाने याच प्रजातीतून निवडून घडवले असल्यामुळे त्यांचा आपसात सहज संकर होतो.

कोळंबीच्या पातळ कवचाखाली रंगपेशी असतात. त्यांतील अ‍ॅस्टाझँथिन हे द्रव्य मुळात केशरी-लाल असते, पण विशिष्ट प्रथिनाशी बांधले गेले की ते निळसर दिसते. बाजारातली करडी कोळंबी शिजल्यावर लाल होते, कारण उष्णतेने ते प्रथिन विस्कटते आणि द्रव्य मोकळे होते. या द्रव्याचा कच्चा माल कोळंबीला शेवाळ व इतर खाद्यातूनच मिळवावा लागतो. तो कुठे आणि किती साठवायचा, हे मात्र जनुके ठरवतात.

रंगाचे जनुक सुप्त असेल, तर आई आणि वडील या दोघांकडूनही ते आल्याशिवाय रंग उमटत नाही. जपानमधील हिसायासु सुझुकी यांनी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या ‘बी’ (मधमाशी) या दुसऱ्या जातीच्या कोळंबीत क्वचित निघालेल्या लाल पिल्लांपासून ‘क्रिस्टल रेड’ हे वाण १९९० च्या दशकात घडवले. या वाणाच्या मादीचा शुद्ध काळ्या ‘बी’ नराशी संकर केला, तर पहिली पिढी काळीच निपजते. त्या पिढीच्या आपसांतील मीलनातून सरासरी चौथा हिस्सा पिल्ले पुन्हा लाल होतात. चेरीच्या दोन वाणांमधले सुप्त बदल वेगवेगळ्या जनुकांत असतील, तर संकरित पिल्लाला प्रत्येक जनुकाची एक धडधाकट प्रत मिळते आणि ते थेट रानटी रंगाचे होते. त्याच्याही पुढच्या पिढीत १६ पैकी सरासरी ९ पिल्ले तशीच असतात, म्हणून टाकीत तपकिरी रंग झपाट्याने वाढतो.

पिल्लांची पारख घाईने करू नये, असे मला आवर्जून सांगावेसे वाटते. मादी पोटाखालच्या पायांत साधारण २० ते ३० अंडी धरून त्यांना सतत वारा घालते आणि तीन-चार आठवड्यांनी जेमतेम दोन मिलिमीटरची, पण हुबेहूब कोळंबीच्याच आकाराची पिल्ले बाहेर पडतात. ती सुरुवातीला काचेसारखी असतात. रंग हळूहळू, कात टाकत टाकत भरतो. नर पूर्ण वाढल्यावरही मादीपेक्षा फिकट राहतात, आणि तळाला पांढरी वाळू असेल तर चांगल्या लाल माद्याही फिकट दिसतात. काळ्या वाळूवर काही दिवस ठेवून पाहिल्याशिवाय त्यांना बाजूला काढू नये.

निवड करायची ती पिल्ले वयात येण्याच्या सुमारास, म्हणजे साधारण दोन-तीन महिन्यांनी. बाजूला काढलेल्या तपकिरी पिल्लांसाठी वेगळी टाकी ठेवावी. ती तितकीच निरोगी असतात आणि काचेवरचे शेवाळही तितक्याच नेटाने खातात.