जावा आणि आरएक्स 100 : दोघींचं माहेर एकच

जावा आणि यामाहाची आरएक्स 100, या दोन जुन्या मोटारसायकलींचे चाहते एका कट्ट्यावर बसले की वाद ठरलेला. एक चेकोस्लोव्हाकियाची, दुसरी जपानची. एक डगडग करत आपल्या तालात जाणारी, दुसरी सिग्नल सुटताच पुढचं चाक उचलायला बघणारी. पण मूळ शोधत मागे गेलं, तर दोन्ही वाटा जर्मनीतल्या सॅक्सनी प्रांतात, शेजारशेजारच्या दोन गावांत पोचतात.

पहिलं गाव केम्निट्झ. तिथल्या वाँडरर कंपनीच्या 500 सीसी मोटारसायकलचे हक्क फ्रान्तिशेक यानेचेक या शस्त्रास्त्रांच्या कारखानदाराने 1929 मध्ये घेतले. दोन्ही नावांची पहिली दोन-दोन रोमन अक्षरं जोडून कंपनीचं नाव झालं ‘यावा’. स्पेलिंग वाचून आपण तिला जावा केलं आणि आता तेच खरं. ती पहिली गाडी महागडी, फोर-स्ट्रोक होती. जावाचं नाव झालं ते पुढे 250 सीसी टू-स्ट्रोकवर, म्हणजे पिस्टनच्या दर दोन फेऱ्यांत एकदा इंधन पेटवणाऱ्या साध्या इंजिनावर (फोर-स्ट्रोकला चार फेऱ्या लागतात). 1954 च्या मॉडेलच्या घराण्यातली गाडी रुस्तम आणि फारुख इराणी यांच्या म्हैसूरच्या कारखान्यात 1961 पासून बनू लागली.

दुसरं गाव चोपाऊ, म्हणजे डीकेडब्ल्यू या मोटारसायकल कंपनीचं. (1932 मध्ये वाँडररची मोटारगाडी शाखा आणि डीकेडब्ल्यू ऑटो युनियन या कंपनी-समूहात एकत्र आल्या, म्हणजे नात्याला कागदही आहे.) दुसऱ्या महायुद्धानंतर डीकेडब्ल्यूच्या आरटी 125 या मोटारसायकलच्या पेटंटला कुणी वाली उरला नाही. इंग्लंड, अमेरिका, रशिया, सगळ्यांनी तिची नक्कल केली. 1955 मध्ये पियानो बनवणाऱ्या यामाहानेही आपली पहिली मोटारसायकल, वायए-1, तिच्यावरूनच बेतली. आरएक्स 100 ही त्याच वंशातली.

आता शेजारी उभ्या करून बघा. जावाचं इंजिन 249 सीसी आणि ताकद साधारण 12 हॉर्सपॉवर. आरएक्सचं 98 सीसी आणि ताकद 11! तीस वर्षांत टू-स्ट्रोक कुठून कुठे गेलं, ते या दोन आकड्यांत दिसतं. जावाच्या इंजिनात पेट्रोल-हवेचं मिश्रण आत घ्यायचं काम पिस्टनच करतो, त्यामुळे थोडं मिश्रण उलटं बाहेर येतं. यामाहाने तिथे रीड व्हॉल्व्ह, म्हणजे एकाच बाजूला उघडणारी पातळ पाती, बसवली. जावाला पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागे. आरएक्सची ऑइलची टाकी वेगळी, पंप हवं तेवढं सोडतो.

पण डोकं जावाचंही कमी नव्हतं. डावीकडचा एकच दांडा किकचा आणि गिअरचाही. आत दाबून वर फिरवला की किक, गाडी सुरू झाली की परत खाली आणून गिअर. नवख्याला हे सांगावं लागतं. तोवर तो उजवीकडे किक शोधत असतो. शिवाय गिअर टाकताना क्लच आपोआप सुटतो. माझं मत विचाराल तर ही युक्ती रीड व्हॉल्व्हपेक्षा देखणी आहे, उपयोगी कमी असेल.

आरएक्स 100 सीसीचीच का, याचं उत्तर जपानमध्ये नाही, दिल्लीत आहे. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने परदेशी सहकार्याला मुभा दिली ती 100 सीसीपर्यंतच्या दुचाकींना. त्यातून एस्कॉर्ट्स या भारतीय कंपनीने 1985 मध्ये यामाहाची ही गाडी आणली, आणि पाठोपाठ बजाजची कावासाकीही आली. तोवर म्हैसूरच्या जावाचं नाव बदलून येझदी झालं होतं, पण इंजिनाचं वय लपत नव्हतं.

1996 मध्ये धुराचे नियम कडक झाले आणि आरएक्स 100 बंद पडली. धाकट्या बहिणी, आरएक्सजी आणि आरएक्स 135, पुढे काही वर्षं चालल्या. म्हैसूरच्या कारखान्यालाही त्याच वर्षी कुलूप लागलं. तिथे धुराच्या जोडीला कर्ज आणि कामगारांचे तंटेही होते.