तीसवालं भारी की ०.०३ वालं?

मागच्या पावसाळ्यात तासगावला काकांच्या मळ्यातल्या घराचं वायरिंग बदलायचं निघालं, तेव्हा मी सांगलीतनं दोन वेगवेगळ्या दुकानांतनं आरसीसीबी (करंटची गळती झाली की आपोआप लाईन तोडणारा स्विच) नेले, बरा वाटेल तो बसवू म्हणून. एकावर छापलेलं ४० ए, ३० एमए. दुसऱ्यावर ४० ए, ०.०३ ए. काकांनी चष्मा वर सरकवून दोन्ही बघितले आणि म्हणाले, "हे तीसवालं बसव, ते शून्य पॉइंटवालं काय कामाचं, मुंगी चावल्यागत असणार."

दोन्ही एकच होते! ए म्हणजे अँपिअर, करंट मोजायचं माप, एमए म्हणजे मिलीअँपिअर, मिली म्हणजे हजारावा भाग, त्यामुळं मिलीचे अँपिअर करायचे तर हजारानं भागायचं, पॉइंट तीन घरं डावीकडं, की ३० चे झाले ०.०३. उलट जायचं तर हजारानं गुणायचं. मायक्रो आणखी तीन घरं खाली, आणि किलो अँपिअरच्या तीन घरं वर, पडणाऱ्या विजेत साधारण ३० किलोअँपिअर असतात म्हणजे ३०,००० अँपिअर. गणित एवढंच.

काकांना ते पटलं पण लगेच दुसरा प्रश्न, मग ४० कशाचे आन् ०.०३ कशाचे? ४० अँपिअर म्हणजे तो जास्तीत जास्त एवढा करंट वाहून नेऊ शकतो. ०.०३ म्हणजे किती गळती झाली की तो पडणार. फेजमधनं गेलेला करंट न्यूट्रलमधनं परत यायला पाहिजे, आला नाही म्हणजे कुठंतरी जमिनीत गेला, कदाचित कुणाच्या तरी अंगातनं, आणि हा फरक ३० मिलीवर गेला की ०.३ सेकंदाच्या आत लाईन तुटते. (फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम हातात धरले तर मात्र यालाही काही कळत नाही, तेवढं ध्यानात ठेवा.)

विहिरीवरची पाच एचपीची थ्री फेज मोटर किती घेते ते काकांना तोंडपाठ, साडेसात-आठ, स्टार्टरवरचा काटा रोज बघतात. आठ अँपिअर म्हणजे ८००० मिली. आणि माणसाला १ मिलीला झिणझिण्या येतात, १०-२० मिलीला हाताचे स्नायू असे आखडतात की वायर सोडता येत नाही, लोक म्हणतात करंटनं धरून ठेवलं, पण धरलेलं असतं आपल्याच मुठीनं. १०० मिलीच्या आसपास हृदयाचे ठोके बिघडून माणूस जाऊ शकतो. ओल्या अंगाचा रेझिस्टन्स १००० ओहम धरला तर २३० व्होल्टला २३० मिली होतात. घरातला १६ अँपिअरचा एमसीबी (करंट प्रमाणाबाहेर गेला की पडणारा स्विच) म्हणजे १६,००० मिलीचा, त्याला हे २३० जाणवणार पण नाहीत, तो वायर वाचवायला आहे.

तसं बघितलं तर एक अँपिअर म्हणजे सेकंदाला साधारण ६२४ वर १६ शून्य एवढे इलेक्ट्रॉन. २०१९ पासनं अँपिअरची व्याख्याच इलेक्ट्रॉनच्या चार्जवर बांधलीय, त्याआधी दोन समांतर तारांमधल्या ओढीवर होती.

हां, आणि मोबाइलच्या बॅटरीवरचा ५००० एमएएच हा करंट नाही, त्यात तास गुणलेला आहे, त्याला हजारानं भागून ५ अँपिअर म्हणू नका, ५ अँपिअर-तास म्हणा.

शेवटी ०.०३ वालाच बसवला. वरचं टी लिहिलेलं बटण महिन्यातनं एकदा दाबायचं असतं म्हणून काकांना दाबायला लावलं, टक् करून पडला, आणि आतनं काकूंचा आवाज, "मिक्सर चालू हाय माझा, लाईट कुणी घालवली?"