ओरल आणि ऑरल

ओरल आणि ऑरल : इंग्रजीतील दोन विशेषणे. पहिले तोंडाशी व बोलण्याशी संबंधित, दुसरे कानाशी व ऐकण्याशी. ब्रिटिश प्रमाण उच्चारात दोन्ही बहुधा सारखीच ऐकू येतात. म्हणून घोटाळा टाळण्यासाठी काहीजण दुसऱ्याचा उच्चार मुद्दाम ‘आउरल’ असा करतात. मराठी भाषक लेखनाला धरून उच्चार करत असल्याने त्यांच्या बोलण्यात हा भेद पुष्कळदा टिकतो. ‘तोंडी’ आणि ‘श्रवणविषयक’ हे त्यांचे मराठी पर्याय.

व्युत्पत्ती : ‘ओरल’च्या मुळाशी लॅटिन ‘ओस’ (षष्ठी ‘ओरिस’) म्हणजे तोंड, संस्कृत ‘आस्य’ त्याच कुळातले. ‘ऑरल’ हे लॅटिन ‘आउरिस’ (कान) या शब्दावरून आले. कानाचा इंग्रजी शब्द ‘इअर’ही या दुसऱ्या कुळातलाच. ओरल सतराव्या शतकापासून आढळतो, ऑरल बराच उशिरा, एकोणिसाव्या शतकात.

हा गोंधळ मात्र इंग्रजीहून जुना आहे. लॅटिनच्या लोकभाषेत ‘आउ’चा ‘ओ’ होत असे. खेडुत ‘आउरिकुला’ला (लहान कान) ‘ओरिकुला’ म्हणतात, अशी नोंद रोमन कोशकार फेस्टसच्या कोशातून आलेली आहे. ‘अपेंडिक्स प्रोबी’ या अशुद्ध रूपांच्या यादीत ‘आउरिस म्हणा, ओरिक्ला नव्हे’ अशी ताकीद सापडते. या यादीचा काळ काही अभ्यासक तिसरे-चौथे शतक मानतात, तर काही त्यानंतरचा. हस्तलिखित सुमारे इ. स. 700 चे असल्याने उत्तरमर्यादा तेवढी पक्की आहे. ताकीद निष्फळ ठरली : स्पॅनिश ‘ओरेहा’ आणि फ्रेंच ‘ओरेय’ (कान) त्या ‘अशुद्ध’ रूपातूनच उतरले.

‘ओरारे’ (बोलणे, विनवणे) या क्रियापदाबद्दल मतभेद आहे. रोमन विद्वान व्हॅरोने (इ. स. पू. 116–27) ते ‘ओस’पासून साधले. परंतु लॅटिनमध्ये स्वरांमधल्या ‘स’चा ‘र’ होतो (म्हणूनच ‘ओस’ची षष्ठी ‘ओरिस’), तिची भगिनी असलेल्या प्राचीन इटलीतील ऑस्कन भाषेत होत नाही. तरी तिथेही या क्रियापदाचे ‘उरुस्त’ असे ‘र’युक्त रूप मिळते. म्हणून मूळ धातूतच ‘र’ होता, हे मत अधिक ग्राह्य वाटते. तसे असल्यास ‘ओरेशन’ (भाषण) आणि ‘ओरल’ यांचे नाते केवळ ध्वनिसाम्याचे ठरते.

अध्यापनशास्त्र : अमेरिकेतील ‘ऑरल-ओरल’ (ऐकण्या-बोलण्यावर भर देणाऱ्या) भाषाशिक्षणपद्धतीला 1964 च्या सुमारास नेल्सन ब्रुक्स यांनी ‘ऑडिओलिंग्वल’ हे नाव रूढ केले.

भारतीय परंपरेत वेदांना ‘श्रुती’ म्हणतात. पाश्चात्त्य अभ्यासक त्याच पाठपरंपरेला ‘ओरल’ म्हणतात. एका नावात ऐकणारा धरला आहे, दुसऱ्यात म्हणणारा.